मागणाऱ्यानं व्हय म्हणायचं नसतं

बाबा, तुला लिहितोय. तू गेलास तेव्हा मला जोडाक्षरं नीट येत नव्हती. तुझ्यामागं शाळा सुटली ती सुटलीच, काकाच्या जोडीनं नांगर धरला, आणि आता पलटणीत आल्यावर इथल्या शाळेत बसवून मला परत अक्षर गिरवायला लावलंय. आज शिकवणाऱ्या हवालदारांनी घरी पत्र लिहायला सांगितलं. आयेला लिहून झालं. मी खुशाल आहे, कुळीथ पोचले, पलटण लवकरच सरहद्दीवर जाणार. एवढंच. मला बोलता येत नाही तसं लिहितापण येत नाही. पण कागद उरलाय, बाकीचे अजून मान खाली घालून लिहितायत, म्हणून म्हटलं तुला लिहावं. तुला खरं सांगितलं तरी तू कुणाला सांगायला जाणार नाहीस.

तुला काजूच्या बागेतला तो दिवस आठवतो का? तू कोयतीनं रान साफ करत होतास आणि मी कातळावर उभा राहून तुझी नक्कल करत होतो. शिमग्यात देवीची पालखी दारात आली की तू गाराणं घालायचास ना, तसं. गाराणं म्हणजे काय असं मी तुला त्याच दिवशी विचारलं होतं. तू म्हणालास, घरातल्या माणसांच्या पोटात जे असतं ते देवीला मोठ्यानं सांगायचं, सगळ्या गावानं ऐकायचं आणि व्हय म्हाराजा म्हणायचं. मग मी सुरू झालो. आमच्या गायीला पाडी होऊ दे म्हाराजा, आणि लगेच मीच, व्हय म्हाराजा. मला कैऱ्या मिळू देत म्हाराजा, व्हय म्हाराजा. तू हसशील असं मला वाटलं. तू कोयती खाली ठेवलीस.

"मागणाऱ्यानं व्हय म्हणायचं नसतं," तू म्हणालास. "आपलं मागणं आपणच मंजूर केलं तर मग गाव कशाला? व्हय म्हणतो तो बांधला जातो. म्हणून ते दुसऱ्यानं म्हणायचं."

तू क्वचित रागवायचास म्हणून ते माझ्या डोक्यात राहिलं. अर्थ काही कळला नाही. तो कळला पुढच्याच शिमग्याला, आणि तो पण तेव्हा अर्धाच कळला.

आपल्या वाडीच्या टोकाला, पाखाडीच्या पायऱ्या संपतात तिथं, ते दोन पलटणीचे पेन्शनर राहायचे. एक आपल्या गावचा नाईक, आडव्या अंगाचा, आणि दुसरा त्याचा जोडीदार, उंच नि वाळका, बुरोंडीकडचा. दोघं मोठ्या लढाईत बसऱ्याला होते. तिथनं परत आले ते बरोबर आले आणि एकाच घरात राहिले. दोघांची चूल एक. वाळका मासे आणायचा, नाईक वाटण वाटायचा, आणि मीठ जास्त झालं की दोघांचं भांडण पाखाडीच्या खालपर्यंत ऐकू यायचं. गावात लोक त्यांच्यावरून बोलायचे. तोंडावर नाही. विहिरीवर, पारावर. बायका म्हणायच्या, नाईकाला कुणी बायको दिली नाही असं नाही, त्यानंच केली नाही. बापये दुसरं काही तरी म्हणायचे आणि हसायचे, आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायचे.

त्या शिमग्याला पालखी घरोघर फिरत तिथवर आली, तेव्हा गावकरी पाखाडीच्या खालीच थबकले. त्या घरात बाईमाणूस नाही, देवीची ओटी भरणार कोण? मागल्या वर्षी पण पालखी तिथनंच मागं फिरलेली. मी तुझा हात धरून होतो. वर घरापुढच्या खळ्यात ते दोघं उभे होते, अंगात पलटणीतले जुने कोट, छातीवर बिल्ले. खळं शेणानं सारवलेलं, त्यावर वाकडीतिकडी रांगोळी. ती कुणी काढली असेल ते बघूनच कळत होतं. वाळक्याच्या हातात सुपलीत तांदूळ आणि नारळ. कुणी तरी म्हणालं, चला मागं, उशीर होतोय. पालखीचा पुढचा दांडा ज्याच्या खांद्यावर होता त्याच्या शेजारी तू दांड्याखाली खांदा घातलास आणि वर चढायला लागलास. पालखी म्हटल्यावर मागचे सगळे आपोआप चढले. त्यांना चढावंच लागलं.

वाळक्यानं ओटी भरली. थोडे तांदूळ सांडले. मग तू गाराणं घातलंस. बाबा, ते शब्द मला पाठ आहेत. कधी पाठ केले नाहीत, पण आहेत.

"हे बारा वाड्यांच्या म्हाराजा. ह्या घरात ही दोन माणसं हायत. एका चुलीवर शिजवतात, एका लढाईतनं परत आली हायत. घरात धनीण नाय म्हणून तुझी वटी ऱ्हायली नाय, ती भरली हाय, ती गोड मानून घे. ह्यांची जोड तू परमुलखात राखलीस, तशीच हितं राख. नि एकाला आधी बोलावलंस, तर मागं ऱ्हाईल त्याला उपाशी न ठेवायची बुद्धी ह्या गावाला दे म्हाराजा."

ढोलवाला ढोल सोडून जमिनीकडं बघत होता. तू फक्त उभा होतास, हात जोडून, आणि वाट बघत होतास. तू दुसऱ्यांदा बोलला नाहीस, कुणाकडं बघितलंपण नाहीस. मग मागनं एक जण म्हणाला, मग आणखी दोघं, आणि मग सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. ज्यांना मी पारावर हसताना बघितलं होतं तेसुद्धा. मी वर बघितलं तर नाईक रडत होता. बिल्ले लावलेला माणूस रडतो हे मी पहिल्यांदाच बघितलं.

तुला ठाऊक नाही ते पुढचं सांगतो. तू तापानं गेलास, त्यानंतर काही वर्षांनी वाळका गेला. नाईकाला तेव्हा दिसेनासं झालं होतं. त्याचं शेत गावानं लावलं. आजपर्यंत रोज एका घरातनं त्याच्यासाठी ताट जातं, पाळी ठरलेली आहे, आपली पाळी असली की आये तिखट कमी घालते. कुणी त्याचं कौतुक करत नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, व्हय म्हटलेलं हाय ना देवीपुढं. तू चार शब्द बोललास आणि त्या शब्दांवर एक आंधळा म्हातारा अजून जेवतोय. मी भात कालवताना कधी कधी ह्याचा विचार करतो आणि माझा घास हातातच राहतो.

आता माझं.

मी भरती झालो तेव्हा नुकतं अठरावं सरलं होतं. पहिल्या दिवसांत माझी दोन गोष्टींत फजिती व्हायची. एक, पायाला पट्टी गुंडाळता यायची नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरीची पट्टी गुंडाळायची असते, घट्ट, एकसारखी. माझी कवायतीत सुटायची आणि मागं शेपटीसारखी ओढत यायची. दुसरं म्हणजे आवाज. रांगेत आपला नंबर ओरडून सांगायचा असतो. माझा नंबर आला की माझा गळाच बंद. हवालदार म्हणायचे, हा कोकणातला मुका कुणी पाठवला? तू गाराणं घालणारा, नि तुझा मुलगा असा.

माझ्या शेजारच्या खाटेवर जो होता तो साताऱ्याकडचा, माझ्याहून वर्षभरानं मोठा. आई लहानपणी गेलेली, घरात सावत्र, म्हणून पलटणीत आलेला. एकदा कवायतीआधी तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि माझी पट्टी सोडून परत बांधायला लागला. "हलू नगंस," तो म्हणाला, "भोपळ्याच्या येलाला गुंडाळतोय असं वाटतंय मला." बरोबरचे हसले. मी पण हसलो. पण बाबा, त्यानं पट्टीचं टोक आत खोचून वर बघितलं ना, तेव्हा मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. खाडीच्या तोंडाशी पाणी उलटं फिरतं तेव्हा होडी क्षणभर कुठंच जात नाही, तशी जागच्या जागी उभी राहते. तसं झालं. त्या दिवसापासून रांगेत माझा नंबर जवळ आला की तो कोपरानं मला हळूच ढोसतो आणि माझा आवाज फुटतो. रोज. मला ह्याचं अजून नवल वाटतं की एवढ्याशा ढोसण्यानं आवाज फुटतो.

ते माझ्याच मनात आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग एका सकाळी दुसऱ्या कंपनीतल्या दोघांना मैदानात आणलं. आम्हाला चौफेर उभं केलं. त्यांनी काय केलं ते कुणी मोठ्यानं सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे पट्टे काढले, टोपीवरचे बिल्ले काढले, आणि साध्या कपड्यात दोघांना दोन वेगळ्या रस्त्यांनी फाटकाबाहेर काढलं. एक साहेब बघत होते. त्यातला एक चालताना मागं वळून बघत होता, दुसरा कुठं आहे ते. आपला साताऱ्याचा तो माझ्या शेजारी उभा होता. आम्ही दोघं समोर बघत होतो. नंतर तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, माझी पट्टी बांधली नाही, खाट पण थोडी लांब ओढली. मी समजलो, संपलं. मग एके दिवशी लंगरात जेवताना तो येऊन शेजारी बसला आणि माझ्या ताटलीतली मिरची उचलून म्हणाला, "मला लई भ्या वाटतं. पर तुझ्यापासनं लांब बसलो की जास्ती वाटतं." त्यानं ते इतकं साधं सांगितलं. मी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या ताटलीत ठेवला. तेच माझं उत्तर होतं आणि त्याला कळलं.

सरहद्दीवर जायच्या आधी शिमग्याची सुट्टी मिळाली. त्याला घरी जायचं नव्हतं, म्हणून मी त्याला आपल्याकडं आणलं. मोटारीनं आंबा घाट उतरून आलो. त्यानं दर्या कधी बघितला नव्हता. वळणावरनं पहिल्यांदा दिसला तेव्हा तो उठून उभाच राहिला, ड्रायव्हर ओरडला तरी बसेना. "येवढं पाणी," तो म्हणाला, आणि बऱ्याच वेळानं, "आन् एक घोट पिता येत न्हाई?" आमच्याकडं पाण्यापायी माणसं भांडून मरत्यात, असं म्हणून तो दर्यावर रागावल्यासारखा बघत राहिला. जन्मभर बघितलेला दर्या मला त्याच्यामुळं नवा वाटला.

आयेनं त्याला बांगडे वाढले. त्याला काटे काढता येईनात. आयेनं थोडा वेळ बघितलं, मग त्याचं ताट आपल्याकडं ओढलं आणि लहान पोराला देतात तसे काटे काढून दिले. तो खाली मान घालून जेवला. नंतर मागच्या दारी हात धुताना मला म्हणाला, कुणी तरी आपल्यासाठी असं करतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकानं बोलणं काढलं. जयगडकडची मुलगी बघून ठेवलेय, चांगलं घर आहे, वैशाखात उरकून टाकू, सरहद्दीवर जाण्याआधी. आये पदराला हात पुसत ऐकत होती. काका म्हणाला की तुझ्यामागं इतकी वर्षं गाराण्याचा मान त्यानं सांभाळला, पण आता मी पगारी शिपाई झालो, आपल्या दारात ह्या वर्षी मीच घालायचं. "देवीपुढं सून मागून टाक," तो म्हणाला. "गाव व्हय म्हणाला की झालं. मग मी जयगडला सुपारी घेऊन जातो." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला वाटलं, हा लाजतो, म्हणून देवीच्या तोंडानं वदवून घेऊ. नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं, म्हणजे सांगता येईल असं नव्हतं. मी मान हलवली. हो पण नाही आणि नाही पण नाही अशी. माझा जोडीदार पडवीत बसून सगळं ऐकत होता, सुंभ वळत होता. त्यानंतर दिवसभर त्यानं एवढा सुंभ वळला की काकी म्हणाली, सगळ्या गावचे गोठे बांधायचे काय?

पालखी आली. खळ्यात टेकवली. आयेनं ओटी भरली. काकानं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं केलं. बाबा, सगळा गाव होता. नाईकाला पण कुणी तरी हाताला धरून आणलं होतं, दगडी गडग्याला टेकून बसवलं होतं. मी हात जोडले आणि गळा बंद. रांगेत होतो तसा. मी तोंड उघडलं, मिटलं. पोरं हसली. मला कळत होतं की आता जे तोंडातनं जाईल ते कायमचं. सून मागितली की ती आलीच, जयगडची कुणी तरी, माझी वाट बघत बसायला, जन्मभर, मी घरात असलो तरी. तेवढ्यात मागनं कुणी तरी मला कोपरानं हळूच ढोसलं.

"हे बारा वाड्यांच्या म्हाराजा," मी म्हणालो, आणि तो तुझा आवाज होता. मी घाबरलो एवढा तो तुझा होता. "ह्या घरात माझी आय हाय, काका-काकी हायत, त्यांना बरं ठेव. माझा बाप हितंच उभा ऱ्हायचा, त्याची आठवण ठेव. हा माझा जोडीदार हाय, घाटावरनं आलाय, माझ्या पायाची पट्टी बांधतो. आमी दोघं लढाईला चाललोय. जशी आमची जोड तू आज बघतेस, तशीच परत ह्या दारात आण. एकाला आणून एकाला ठेवू नको. नि कुणाच्या लेकीला माझी वाट बघायला लावू नको म्हाराजा."

काकाचा हात माझ्या पाठीवरनं निघाला. मी समोर बघत होतो, वाट बघत होतो, तू बघायचास तशी, आणि मला तेव्हा कळलं की त्या दिवशी त्या खळ्यात तुला किती वेळ वाटला असेल. माणूस किती एकटा असतो तेवढ्यात. तू ते दुसऱ्यांसाठी केलंस. तुझं त्यात काहीच नव्हतं.

मग गडग्याकडनं आवाज आला, म्हातारा, पण कवायतीतला.

"व्हय म्हाराजा."

नाईकानं म्हटलं. डोळे नाहीत, तरी चेहरा बरोबर माझ्याकडं. त्यानंतर दारातनं आयेनं म्हटलं, आणि बायका सहसा म्हणत नाहीत. मग गावानं. ते अंगावर येतं बाबा, लाट येते तसं. तू आयुष्यभर त्याच्यासमोर उभा राहिलास, तुला सवय असेल. सगळ्यांचं झाल्यावर एक आवाज उशिरा आला, घाटावरच्या सुरात, त्याचा. पोरं परत हसली.

पालखी पुढं गेल्यावर काका म्हणाला, "सून मागायची ऱ्हायली की रं."

"ऱ्हावं दे," आये म्हणाली. "मागितलं ते मागितलं." तिला किती कळलं ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी तिनं आम्हाला दोघांना एकाच परातीत वाढलं आणि काटे दोघांचे काढले.

निघायच्या आधी मी त्याला घेऊन नाईकाकडं गेलो. नाईकानं त्याचे दोन्ही हात हातात घेऊन चाचपले, मनगटापर्यंत. विचारलं, लंगरातली डाळ अजून तशीच पातळ असते काय. तो म्हणाला, तळाला पैसा टाकला तर छाप दिसतो, नाईक. म्हातारा खूप हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "एका खड्ड्यात दोघांनी ऱ्हावू नका. एक हितं, एक तितं. दिसंल इतक्या लांब. एका गोळ्यानं दोघं जावू नयेत." घरात दोन लोटे शेजारी शेजारी पालथे घातलेले होते, एकावर धूळ नव्हती आणि दुसऱ्यावरपण नव्हती.

बाकीच्यांची पत्रं होत आली. तो समोरच्या बाकावर बसलाय, आयेला लिहितोय, माझ्या आयेला, आणि जीभ बाहेर काढून बांगड्यातला अनुस्वार कुठं द्यायचा ते शोधतोय. माझा हा कागद टपालात जायचा नाही. इथं कागद वाचले जातात, आणि फाटकाला दोन रस्ते आहेत. लंगरात भाकरीची चूल पेटलेय, जाताना तिच्यात घालीन.

फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी माझ्या गाराण्याला गावानं व्हय म्हाराजा म्हटलं ना, त्या आवाजात माझा पण आवाज होता. तू शिकवलेलं सगळं आठवत होतं, तरी मी पण म्हटलं.